पडद्यावरचे सेन्सेई

नागुरा बेट, दवाखाना
१६ नोव्हेंबर

आदरणीय इवानागा सर,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल एक वाक्य लिहायची आपल्याकडे रीत आहे. ते मी गाळते आहे, कारण तक्रार मोठी आहे.

कागदावर लिहायचं कारण असं, की गुरुवारी आपण पडद्यावर बोलतो तेव्हा आपल्या दोघांच्या मधे पेशंट असतो, माझ्या मागे सिस्टर हिसाए असतात आणि सगळं रेकॉर्ड होतं. हे पेशंटसमोर बोलण्यासारखं नाही.

प्रशिक्षणाचं वर्ष बेटावर काढणाऱ्या डॉक्टरला एकटं सोडू नये, आठवड्यातून एकदा शहरातल्या अनुभवी डॉक्टरने पडद्यावरून तिच्यासोबत पेशंट बघावेत, ही योजना मला मान्य आहे. तुम्ही या बेटावर अकरा वर्षं डॉक्टर होतात म्हणून माझ्यासाठी तुम्हाला नेमलं, हेही ऐकायला बरोबर वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला तिकडून दिसत नाही.

बुधवारी संध्याकाळी गावचा भोंगा वाजतो : "उद्या सकाळी दवाखान्यात आपले जुने डॉक्टर, इवानागा सेन्सेई, पडद्यावर येणार आहेत हो." त्या संध्याकाळी केस सेट करून घ्यायला बायकांची रांग लागते. गुरुवारी माझ्या दवाखान्यात लग्नाला यावं तशी माणसं येतात. म्हाताऱ्यांच्या कोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. सिस्टर हिसाए लिपस्टिक लावतात. कॅमेऱ्यासमोर वाळवलेली माकूळ मासळी आणि रताळ्याच्या चकत्या मांडल्या जातात. मग प्रत्येक जण इतका खाली वाकतो की तुम्हाला निम्मा वेळ नुसती टाळकीच दिसत असणार.

आता मुद्दा. मात्सुझो उराता, वय ७९, कोळी. परवा तुम्ही विचारलंत, "काय उराता, कसं काय?" ते म्हणाले, "तुमच्या कृपेने ठणठणीत, सेन्सेई. खांदा जरा धरतो, इतकंच." तुम्ही मलम लिहून दिलंत.

त्याच्या दोन दिवस आधी मी त्यांना बंदरावरून घरी जाणारा दगडी जिना चढताना पाहिलं होतं. ते प्रत्येक वळणावर थांबत होते आणि समुद्राकडे बघत होते. मी विचारलं, "काय बघताय, आजोबा?" म्हणाले, "बोटी." समुद्रात एकही बोट नव्हती. हात छातीच्या मधोमध होता. खांदा तिथे नसतो.

विश्रांतीत काढलेला ईसीजी स्वच्छ आहे, रक्ताची तपासणीही. यावरून काहीच सिद्ध होत नाही. माझ्या मते हे हृदयाचं दुखणं आहे आणि वाढतं आहे. हिवाळी वाऱ्याने बोटी बंद व्हायच्या आत त्यांची तुमच्या इस्पितळात अँजिओग्राफी व्हायला हवी. मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सेन्सेईंनी खांदा म्हटलंय ना? मग खांदाच." म्हणजे त्यांनी तुम्हाला खांदा सांगितला, तुम्ही तो त्यांना परत सांगितलात, आणि आता तो निदान झाला.

ॲस्पिरिन मी सुरू केली आहे. तुमच्या मलमासोबत ती घेतील. पण त्यांना तिकडे पाठवायला तुमचा होकार लागतो. पडद्यावर तुम्ही म्हणालात, "बघू या." मला "बघू या" पुरत नाही.

शिहो कुमाबे


नागासाकी
२० नोव्हेंबर

प्रिय कुमाबे,

इस्पितळाच्या दारातलं जिन्कगोचं झाड पिवळंधमक झालंय आणि पायाखाली पानांचा सडा पडलाय. हे झालं तुझ्या आणि माझ्या दोन्ही पत्रांचं वाक्य. सांभाळून वापर.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. मुली, तू बेटावर येऊन आठ महिने झाले. मी तिथे अकरा वर्षं काढली. उराताच्या बोटीत बसून, पोटातलं सगळं समुद्राला देत, मी बाळंतिणीकडे गेलोय. त्याच्या पंजात गळ घुसून हाडापर्यंत फाटला तेव्हा भुलीचं औषध संपलेलं होतं. टाके मी घातले, त्याने हूं की चूं केलं नाही. असा माणूस "ठणठणीत" म्हणतो तेव्हा तो ठणठणीत असतो. जन्मभर माकूळ ओढणाऱ्याचा खांदा दुखणार नाही तर काय तुझा-माझा दुखेल?

तुझ्याआधी तिथे जो मुलगा होता, त्याने एका हिवाळ्यात चार म्हातारे हेलिकॉप्टरने इकडे पाठवले. हृदय म्हणून आलेले चौघेही खांदे निघाले, दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. इथले लोक अजून मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारतात, "काय, तुमच्या बेटावरून आज कोणाचा खांदा येतोय?"

राग मानू नकोस, पण तुम्हा हल्लीच्या मुलांना माणसाशी बोलता येत नाही म्हणून तुम्ही मशिनला विचारता. आता मशिनने ठीक आहे म्हटलं, तर तुझा मशिनवरही विश्वास नाही! माकूळ आणि रताळी मांडतात याचा तुला त्रास होतो? अगं, तेच तर औषध आहे. घरोघर जा, चहा पी, रताळी खा. माणसं आपोआप बोलतील.

पुढच्या गुरुवारी उराताला बसव. किनुएलाही आण, बायकोपुढे नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. मी स्वतः नीट विचारतो. पाच मिनिटांचं काम आहे.

इवानागा


नागुरा बेट
२९ नोव्हेंबर

आदरणीय सर,

काल तुम्ही नीट विचारलंत. मी कॅमेऱ्याच्या कडेला बसले होते. तुम्हाला पेशंट छातीपासून वर दिसतो. मला जो भाग दिसला तो लिहिते.

तुम्ही पडद्यावर येण्याआधी उराता आजोबा भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून. तुमचा आवाज आला तसे ताठ झाले. तुम्ही विचारलंत, "उराता, छातीत दुखतं का? खरं सांग." त्या वेळी त्यांची डावी मूठ टेबलाखाली खुर्चीच्या पायाला घट्ट धरून होती. वर ते म्हणत होते, "छे छे! तुम्हीच दिलेलं आयुष्य आहे, सेन्सेई, ते दुखेल कसं?" किनुए आजींनी तोंड उघडलं, तर आजोबांनी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला. आजी म्हणाल्या, "जेवतात बाई छान." तुम्ही हसलात. माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात, तेही मला दिसलं.

त्यांच्या नंतर आलेल्या आजींनी सुजलेल्या पायांवर उशी ठेवली होती. त्यांना तुम्ही म्हणालात, "तुम्ही तर तरुण होत चाललात!" त्या लाजल्या. त्यांचं अंगातलं पाणी उतरवण्याचं औषध वाढवण्याबद्दल मला तुम्हाला विचारायचं होतं. ते राहून गेलं.

तुम्ही गेल्यावर उराता उठले आणि दारापाशी परत बसले. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. मी जिभेखाली गोळी ठेवली. थोड्या वेळात दुखणं गेलं. मी विचारलं, "आत्ता समोर होते तेव्हा सेन्सेईंना का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे मी लहान मूल असल्यासारखं बघितलं. "अगं पोरी, इतक्या दिवसांनी माणूस भेटतो, त्याच्यापुढे काय रडगाणं गायचं? त्यांना काय वाटेल? अकरा वर्षं या लोकांवर घालवली, आणि हे अजून आजारीच!"

किनुए आजी म्हणाल्या, "तुम्ही ना, मेल्यावर सुद्धा त्यांना ठणठणीत म्हणून सांगाल."

"मेल्यावर तू सांग. आत्ता गप्प बस."

हे मी लगेच तुम्हाला फोनवर कळवलं. तुम्ही म्हणालात, त्या गोळीने कधी कधी खांद्यालाही बरं वाटतं. सर, नाही वाटत.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी घरोघरही गेले आहे. चहा प्यायले. रताळी इतकी खाल्ली की पुढच्या वर्षापर्यंत नको आहेत. लोक माझ्याशी बोलतात, हे तुम्हाला माहीत असावं. मला ते गुडघ्यांपासून सुनांपर्यंत सगळं सांगतात, कारण माझ्याबद्दल त्यांना काही वाटत नाही. तुम्ही पडद्यावर आलात की माझे पेशंट बरे होतात, तुम्ही गेलात की आजारी पडतात. तुमच्यावर त्यांचा जीव आहे याबद्दल मला शंका नाही. निदानासाठी त्याचा उपयोग होत नाही, उलट होतं.

म्हणून विनंती. उराता आजोबांसाठी एकदा तुम्ही येऊ नका. तुमच्याकडच्या हृदयरोग विभागातलं कोणीही चालेल, फक्त बेटाशी त्याचा संबंध नसावा.

शिहो कुमाबे


नागासाकी
३ डिसेंबर

कुमाबे,

थंडी पडली आहे.

आजवर मला बऱ्याच गोष्टी ऐकवल्या गेल्या. येऊ नका असं नागुरातून पहिल्यांदा कळवलं गेलं.

ठीक. हृदयरोग विभागात तोकुनागा म्हणून सर्जन आहे. हुशार आहे, पण स्वतःच्या आईलासुद्धा नमस्कार करत नसेल. शुक्रवारी दुपारी तो पडद्यावर येईल. त्याला तुझी नोंद वाचायला दिली आहे, मी एका शब्दाने काही सांगितलेलं नाही.

अट एकच. या उपटसुंभापुढेही उराता "खांदा" म्हणाला, तर हा विषय संपला. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा टेबलासमोर बसवून चौकश्या करणं हाही एक छळ आहे, हे तुला कोणीतरी सांगायला हवं.

इवानागा


नागुरा बेट
८ डिसेंबर

आदरणीय सर,

तुम्हाला फोनवर निकाल कळला आहे, पण तो कसा लागला ते कळलेलं नाही.

शुक्रवारी भोंगा वाजला नाही. उराता रोजच्या स्वेटरमध्ये आले. डॉ. तोकुनागा पडद्यावर आले तेव्हा दुसरीकडे बघत काहीतरी टाइप करत होते. मान वर न करता म्हणाले, "नाव? वय? दुखतं कुठे?"

उरातांनी मला विचारलं, "हा कोण?"

"हृदयाचे डॉक्टर आहेत, आजोबा."

"नमस्कार-चमत्कार काही नाही का यांच्यात?"

डॉ. तोकुनागा म्हणाले, "चालताना दुखतं, की बसल्या बसल्यासुद्धा?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. छाती तुमची आहे. आणि माझ्याकडे वेळ कमी आहे."

उराता आजोबा उभे राहिले. कॅमेऱ्यात बोट घालून बोलले, त्यामुळे तिकडे बहुधा फक्त बोट दिसलं असेल. "वेळ कमी? ऐक! इथे जिना चढताना माझा जीव जातो, तीन महिने झाले! चहाची किटली उचलली तरी इथे, हे इथे, कोणी नांगर ठेवल्यासारखं होतं! झोप नाही, आडवं होता येत नाही, रात्र रात्र भिंतीला टेकून बसतो, बायको रडते, आणि या दीडशहाण्याला वेळ कमी!"

डॉ. तोकुनागा पहिल्यांदाच वर बघून म्हणाले, "आभारी आहे. उद्या सकाळी पाठवा." आणि पडदा बंद झाला.

किनुए आजींनी टाळ्या वाजवल्या. हे मी बघितलं नसतं तर लिहिलं नसतं.

शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं. उराता जायला तयार झाले, ते त्या पोराला तोंडावर चार शब्द सुनावायचे आहेत म्हणून. कोणत्याही कारणाने गेलेले मला चालतात. दुपारपासून वायव्येचा वारा सुटला आणि बोटी, हेलिकॉप्टर सगळं बंद झालं. एक दिवस उशीर झाला असता तर ते अजून इथेच असते.

त्यांना काय सापडतं ते कृपया कळवा.

शिहो कुमाबे


नागासाकी
१२ डिसेंबर

प्रिय कुमाबे,

ट्रामच्या तारांवर कावळे पंख फुगवून बसलेत. म्हणजे हिवाळा आलाच.

तू बरोबर होतीस. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा कापून भिंतीला लाव. तिन्ही रक्तवाहिन्या अरुंद, त्यातली मुख्य जवळजवळ बंद. तोकुनागाने चित्र दाखवलं आणि म्हणाला, "हा तुमचा खांदा." त्याला ओठ न हलवता हसता येतं हे मला आत्ता कळलं.

फुगे घालून भागणार नाही, बायपास करावी लागेल. २४ तारीख ठरली आहे. आता एक चांगली बातमी, जी तोकुनागाला जमली नसती. मी स्वतः उराताच्या खाटेशी जाऊन बसलो. कागदावर हृदय काढलं, नळ्या काढल्या, कुठून कुठे जोडणार ते दाखवलं. म्हटलं, "उराता, छाती उघडावी लागेल." तो एका क्षणात म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, सेन्सेई. सगळं तुमच्यावर सोपवलं." एक प्रश्न नाही, एक शंका नाही! बघ, माझा काहीतरी उपयोग आहे की नाही? फक्त सही उरली आहे. "करतो, सावकाश करतो," म्हणतोय. चष्मा घरी राहिलाय म्हणे.

तू आता निवांत झोप.

इवानागा


नागुरा बेट
१६ डिसेंबर

आदरणीय सर,

तुमचं पत्र आज, बोट सुरू झाल्यावर, मिळालं. त्यात तुम्ही ज्याला चांगली बातमी म्हणता ती वाचून मला कपाळावर हात मारावासा वाटला. मी सहसा तसं करत नाही.

ते तुम्हाला "ठणठणीत" म्हणाले तेव्हा आजारी होते. मग ते तुम्हाला क्षणात "हो" म्हणाले, तेव्हा त्याचा अर्थ काय असेल?

शनिवारी किनुए आजी दवाखान्यात आल्या, डोळे सुजलेले. उरातांनी घरी फोन केला होता : "कपडे पाठवू नकोस. पहिली बोट सुटली की मी येतोय. ऑपरेशन-बिपरेशन काही नाही. सेन्सेईंना पत्र टाकून माफी मागीन." चष्मा त्यांच्या खिशात आहे. पन्नास वर्षांत तो घरी राहिलेला नाही.

मी वॉर्डातल्या सिस्टरना फोन करून पडदा त्यांच्या खाटेपाशी लावून घेतला. तुम्ही त्या वेळी घरी गेला होतात. म्हणजे या वेळी पेशंट तुमच्याकडे होता आणि मी बेटावरून विचारत होते. किनुए आजींना मी बाहेर बसवलं.

"काय गं पोरी, तिकडे वारा कसाय?"

"बोटी बंद आहेत. तुम्हाला येता येणार नाही. ऑपरेशन का नको?"

"कोण म्हणतं नको?"

"तुम्ही. बायकोला."

"त्या बाईच्या पोटात काही राहत नाही." मग खाटेवरच्या चादरीच्या सुरकुत्या सरळ करत बसले. मी वाट बघितली. मग त्यांनी कारण सांगितलं, आणि म्हणाले, "हे सेन्सेईंना कळता कामा नये. मला वचन दे."

मी वचन दिलं. म्हणून कारण मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांच्या उपचारासाठी भूलतज्ज्ञांना जे माहीत असणं आवश्यक आहे ते मी त्यांच्या परवानगीने थेट भूलतज्ज्ञांना कळवलं आहे. परवानगी मिळवायला अर्धा तास लागला. त्यात मला "बोटभर पोर" दोनदा म्हणून झालं.

तुम्हाला मी इतकंच सांगू शकते : २४ तारखेला तुम्ही ऑपरेशनच्या खोलीत, तिच्या आसपास किंवा इस्पितळात कुठेही असू नका. हे तुम्ही स्वतः उरातांना आधी सांगा. आणि सांगाल तर खरोखर नसा. त्यांच्याशी खोटं बोललेलं मला चालणार नाही. ऑपरेशनबद्दल बाकी सगळं डॉ. तोकुनागांना बोलू द्या.

हे फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. तुम्ही फोन वॉर्डात उभ्या उभ्या घेता आणि समोरच्याचं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणता. म्हणून फोनवर मी "त्यांना बोटीवर चढू देऊ नका, पत्र येतंय" इतकंच म्हटलं, आणि तेही तुम्ही मोठ्याने म्हणालात.

उरातांनी मला गुरुवारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. ते माझ्याशी भांडून कबूल केलं आहे, त्यामुळे त्यावर माझा विश्वास आहे.

शिहो कुमाबे


नागासाकी
२८ डिसेंबर

प्रिय कुमाबे,

या वेळी ऋतूबिऋतू राहू दे.

तुझं पत्र बुधवारी आलं. वाचून मी इतका चिडलो की ते चौकोनी घडी करून खिशात टाकलं आणि तसाच तीन मजले चढलो. काल आलेली पोर मला माझ्याच इस्पितळातून बाहेर जायला सांगते! माझ्याच पेशंटपासून! मग भूलतज्ज्ञांच्या सूचना बघितल्या. फुप्फुसांची तपासणी, फुंकर मारायची चाचणी, छातीचा आणखी एक फोटो. हे सगळं नव्याने. आणि मग लिफ्टमध्ये उराताच्या शेजारी उभा राहिलो. खाली बागेतून येत होता. कोटाला धुराचा वास होता.

तू वचन पाळलंस. मी नाकाने ओळखलं, तेव्हा तुझ्याकडे काही दोष जात नाही. मी बेट सोडताना धक्क्यावर उराताने सगळ्या गावासमोर सिगारेटचं पाकीट समुद्रात फेकलं होतं. "सेन्सेई, तुम्हाला निरोपाची भेट!" मी रडलो होतो. ती गोष्ट मी इथे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. आणि हा बाबा मरायला तयार होता, पण छाती उघडल्यावर मला आतलं काळं फुप्फुस दिसेल, हे त्याला चालणार नव्हतं!

मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "उराता, २४ला मी नाही. शिमाबाराला बहिणीकडे जातोय, नवीन वर्षाची तयारी आहे." त्याचा चेहरा असा उजळला, की मला राग यावा की हसू, कळेना. विचारतो, "पूर्ण दिवस?" म्हटलं, "पूर्ण दिवस." "नंतर फोटोबिटो बघायला मिळतात का तुम्हाला?" म्हटलं, "मी फोटो बघत नाही, ते तोकुनागाचं काम." त्याने खिशातून चष्मा काढला आणि सही केली. तोकुनागाला म्हणाला, "नीट शीव. तुला वेळ कमी असतो."

२४ला मी शिमाबाराला होतो. खरोखर. दिवसभर बहिणीच्या स्वयंपाकघरात मुळे सोलले. ती म्हणाली, एवढे मुळे कोण खाणार? संध्याकाळी तोकुनागाचा निरोप आला, दोन शब्दांचा : "झालं. ठीक." त्या मुलाला नमस्कार नाही तर नाही, पण हात सोन्याचे आहेत.

काल उराताला वॉर्डात आणलं. मी गेलो. सवयीने म्हणालो, "काय उराता, कसं काय?" आणि तुझं पत्र आठवून तिथेच थांबलो. तो काय म्हणणार ते मला माहीत होतं.

त्याने उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "दुखतंय. सेन्सेई, भयंकर दुखतंय. खोकलं तर जीव जातो. पाठ अवघडलीय. आणि तुमच्याकडचं मिसो सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आहे."

मी विचारलं कुठे दुखतं, किती, कोणत्या कुशीवर. त्याने सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा तपासलं, असं वाटलं. दुखण्याची गोळी वाढवायला सांगितली आणि बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ बसलो. सिगारेटबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. ते त्याला हवं तेव्हा सांगेल. नाही सांगितलं तरी तुझे ते भूलतज्ज्ञ त्याच्या मागे लागलेलेच आहेत.

आता तुला विचारतो. गेल्या काही दिवसांत मी हिशेब करून बघितला, आणि माझ्या लक्षात आलं, की मी तुला पेशंटबद्दल सोडून काहीच विचारलेलं नाही. तू कशी आहेस? "ठीक" लिहिशील तर पाकीट तसंच परत पाठवीन.

इवानागा


नागुरा बेट
६ जानेवारी

आदरणीय सर,

उराता आजोबांची जखम सुकते आहे असं डॉ. तोकुनागांनी कळवलं. त्यांच्या पत्रात नमस्कार होता. चुकून लिहिला गेला असावा.

गुरुवारबद्दल. मी आता दोन भाग केले आहेत. आधी मी पेशंटला पडदा बंद ठेवून विचारते आणि तपासते. ज्यांच्याबद्दल शंका असेल ते तुमच्याकडच्या एखाद्या अनोळखी डॉक्टरांसमोर बसतील. शेवटी अर्धा तास तुम्ही. त्याला मी दर्शन म्हणते. त्यात कोणी काही निदान करायचं नाही. भोंग्यावर नवी वेळ सांगितली, तेव्हा बायकांनी केस सेट करायची वेळ तेवढी पुढे ढकलली. उशीवाल्या आजींचं पाण्याचं औषध वाढवलं आहे, सूज उतरते आहे.

तुमच्या प्रश्नाबद्दल. हे पान मी दोनदा लिहिलं. पहिलं "व्यवस्थित" या शब्दापाशी थांबलं.

मी ठीक नाही. ६ डिसेंबरला डॉ. तोकुनागांनी पडदा बंद केल्यापासून सकाळी हेलिकॉप्टर येईपर्यंत उराता माझ्या दवाखान्यात होते. त्यांना दोनदा दुखलं. माझ्याकडे होती तेवढी औषधं होती, मला येत होतं तेवढं येत होतं. तिसऱ्यांदा दुखलं असतं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आत्ताही नाही. तेव्हा मला कोणालातरी विचारायचं होतं. ज्यांना विचारावं असे एकच जण होते आणि त्यांना मी येऊ नका म्हणून लिहिलं होतं. म्हणून फोन केला नाही. हे मूर्खपणाचं होतं. पेशंटच्या जिवाशी होतं.

आणखी एक. दर गुरुवारी तुम्ही सुरुवातीला विचारता, "कुमाबे, सगळं बरं?" आणि मी म्हणते, "व्यवस्थित, सर." त्याआधी मी धुतलेला कोट घालते आणि केस बांधते. उराता आजोबांना मी नावं ठेवत होते तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मला झोप लागत नाही. वारा सुटला, बोटी बंद असा निरोप आला, की मी गावात कोण कोण किती आजारी आहे ते मोजत बसते. मला राग लवकर येतो, हे तुम्हाला पत्रांवरून कळलंच आहे. हृदय थांबलेल्या माणसाला एकटीने कसं सांभाळायचं, नर्स एकच असताना कोणी काय करायचं, हे मला तुमच्याकडून शिकायचं आहे. अकरा वर्षांत ते तुम्ही केलं असणार. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

या गुरुवारी दर्शन संपल्यावर पडदा बंद करू नका. सिस्टर हिसाएंना मी घरी पाठवीन. मी कोट घालणार नाही. तुम्ही लगेच "अगं, सगळं जमेल" म्हणू नका, आधी पूर्ण ऐका. वेळ लागेल.

शिहो